एका शब्दापायी घोडी

आमच्या दाजींइतका एका शब्दापायी वेडा झालेला माणूस उभ्या खानदेशात दुसरा झाला नाही, आणि गंमत म्हणजे तो शब्द खानदेशातला नव्हता, मराठी नव्हता, संस्कृतही नव्हता. ज्या लोकांचा होता ते लोक तीन हजार वर्षांपूर्वी तुर्कस्तानातल्या डोंगरांत आपला शब्द मागे ठेवून निघून गेले होते, आणि त्यांच्यामागे त्या शब्दाची चौकशी करणारे आमच्या माहितीत एकटे दाजीच उरले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारंगखेड्याला तापीकाठी त्यांची बागायत, धाब्याचे घर, दारात म्हैस. पुण्याला जाऊन संस्कृत घेऊन बी. ए. झालेला त्या पंचक्रोशीतला हा पहिला माणूस, तेव्हा मुलगा मामलेदार होणार अशी घरच्यांची समजूत होती. काही वर्षे त्यांनी नंदुरबारला शाळेत संस्कृत शिकवले. पण एका श्लोकातल्या एका शब्दावर ते जे अडून बसले ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढे सरकेनात. पोरे खुशीत होती, परीक्षा मात्र थांबायला तयार नव्हती. शेवटी शाळेने आणि दाजींनी एकमेकांना सन्मानाने निरोप दिला. मी नंदुरबारच्या कचेरीत कारकून. आमच्याकडे एका शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो साहेब ठरवतो, त्यामुळे दाजींचे आणि माझे विचार कधी जुळले नाहीत. जीव मात्र जुळला.

हे लुवियन भाषेतल्या शब्दाचे प्रकरण त्यांना पुण्याला असतानाच लागले. तुर्कस्तानात उकरताना मातीच्या भाजक्या विटा सापडल्या आहेत आणि त्यांवर खिळ्यांसारख्या अक्षरांत हित्ती नावाच्या लोकांचे सगळे दप्तर आहे, असे त्यांच्या वाचनात आले. त्या दप्तरात घोडे तयार करण्याची रीत लिहिलेली होती: कधी पळवायचे, किती पळवायचे, कधी न्हाऊ घालायचे, कधी दाणा द्यायचा. आणि फेऱ्या मोजायला तिथे जे शब्द होते त्यांत आपले एक, तीन, पाच, सात, नऊ सरळ ऐकू येत होते. एवढे वाचून बाकीचे विद्यार्थी खानावळीत जेवायला गेले. दाजी गेले नाहीत. "आपल्या गावाला घोड्यांची जत्रा भरते आणि तिकडे जमिनीतून घोड्यांच्या विटा निघतात, हा मला आलेला सांगावा नाही तर काय?" असे ते म्हणत. विटांवरचे बहुतेक लिखाण जर्मन पंडितांचे, म्हणून दाजी कोश पुढ्यात घेऊन जर्मन शिकले. गावात जर्मन बोलायला कोणी नाही, तेव्हा त्यांनी म्हशीशी बोलायचा सराव ठेवला. ती म्हैस पुढे शेजाऱ्यांना विकली तर त्यांच्या 'हो-हो'ला दाद देईना, आणि दाजींना दोन दिवस तिला समजावायला जावे लागले, हे मी स्वतः पाहिले आहे.

त्या घोड्यांच्या मजकुरात एक शब्द होता. तो हित्ती नसून शेजारच्या लुवियन भाषेतून उसना आलेला असावा, असे पंडितांचे म्हणणे. सगळ्या विटा धुंडाळल्या तरी क्वचितच भेटतो, आणि भेटतो तेव्हा एकाच जागी: घोडा सोडला, मग तो शब्द, मग घोड्याला पाण्यात नेले. सोडणे आणि पाण्यात नेणे यांच्या मधे त्या लोकांनी घोड्याचे काय केले, एवढाच प्रश्न. एक पंडित म्हणे खरारा केला, दुसरा म्हणे तेल चोळले, तिसरा म्हणे असा शब्दच नाही, लिहिणाऱ्याचा हात चुकला. या तिसऱ्या पंडिताचा दाजींना फार राग होता. "ज्याला कळत नाही तो दुसऱ्याच्या हाताला दोष देतो," असे म्हणून ते त्याचे नाव घ्यायचे टाळत. तो शब्द मी इथे लिहीत नाही. माझा उच्चार कधीच बरोबर आला नाही, असे दाजींचे मत होते, आणि आता दुरुस्त करायला ते नाहीत.

घरात त्या शब्दाची बडदास्त एखाद्या रुसलेल्या जावयासारखी असे. तो कशाने खूश होईल याचा कोणालाच पत्ता नाही, आणि त्याच्याशिवाय घरातले पानही हलायचे नाही. ताईने त्याचे नाव कधी उच्चारले नाही; ती त्याला नुसते 'तो' म्हणे. दाजी दुपार टळली तरी कागदात डोके खुपसून बसलेले दिसले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "जेवाले उठा आते. तो काय पयी जाई का?" शब्द पळून जाणार नाही, एवढे पटले की दाजी उठायचे, पण पानावर बसूनही त्यांचे संशोधन सुरूच. डाळीत मीठ बरोबर आहे का, असे ताईने विचारले तर दुसऱ्या घासाला ते म्हणणार, "पुरावा कमी शे." मग तिसऱ्या, चौथ्या घासानंतर दोन मते मांडणार, आणि डाळ संपल्यावर निर्णय देणार. कोणत्याही गोष्टीचा खात्रीचा अर्थ लागल्याखेरीज तो सांगायचा नाही, हा त्यांचा नेम होता. गावातल्या एकाला कचेरीतून नोटीस आली, ती त्याने दाजींकडे वाचायला नेली. दाजींनी ती उलटसुलट वाचून सांगितले की हिचे तीन अर्थ संभवतात. बिचारा घाबरून गाडी जुंपून थेट नंदुरबारला माझ्याकडे आला. ती नोटीस मीच लिहिली होती, आणि तिचे तीन अर्थ होतात हे मलाही तेव्हाच कळले.

घोडी घरात आली त्याचीही हकीकत अशीच आहे. मार्गशीर्षातल्या दत्ताच्या जत्रेत, एकोणीसशे तिसाच्या पुढच्या कुठल्याशा वर्षी, ताईने दाजींना बैल आणायला पाठवले. थकलेल्या ढवळ्याला जोडीदार हवा होता, आणि व्यवहाराला सोबत म्हणून मी गेलो होतो. बैलबाजार एकीकडे, घोडेबाजार दुसरीकडे. दाजी सरळ घोड्यांत शिरले. तिथे नंदुरबारचे उस्मानचाचा, बापापासून घोड्यांची दलाली करणारे, एका अबलख घोडीपाशी उभे होते. जत्रेत भाव तोंडाने बोलायची रीत नाही. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे आणि एकमेकांची बोटे धरून आकडा सांगायचा, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. दाजींनी विचारले होते एवढेच, की घोडा सोडल्यावर, पाण्यावर नेण्याआधी तुम्ही त्याचे काय करता? उस्मानचाचांना वाटले, गिऱ्हाईक आडून बोलते आहे. त्यांनी हसून रुमाल टाकला. विद्येच्या गोष्टी इथे अशा गुपचूप सांगतात असे वाटून दाजी भारावून गेले आणि त्यांनी रुमालाखाली हित्ती लोकांच्या फेऱ्या समजावून द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी एक. उस्मानचाचांनी मान हलवली. मग तीन. पुन्हा मान हलली. पाच म्हणताना चाचांचा चेहरा सैल पडला, आणि सात म्हणताच त्यांनी दाजींच्या हातावर टाळी दिली. "मुबारक हो, मास्टरसाब!" दलालाने एक अक्षर बोलायच्या आत आपलाच भाव आपण वाढवत नेणारे गिऱ्हाईक त्या जत्रेने पूर्वी पाहिले नव्हते. दाजी नवाकडे निघाले होते, मी हात ओढून काढला. पण रुमालाखाली झालेला सौदा फिरवायचा नसतो. घोडीचा लगाम हाती देताना चाचा म्हणाले, "बहोत होशियार है. बारात में नाचती है. घुंगरू बजा, के इसके पाँव रुकते नहीं." दाजी म्हणाले, "नाच नको, मला फेऱ्या हव्यात." चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

ताई दारातच उभी होती. "बैल कथा शे?" तिने विचारले. बैल कुठे, हे ऐकूनही दाजी घोडी बांधत राहिले. "बैल आनाले धाडेल व्हतं ना तुम्हले?" दाजींनी शांतपणे सांगितले, "बैलनं त्या इटास्मा कायच नही." विटांत बैलाचे काही नाही म्हटल्यावर विषय संपला; ताई आत गेली आणि घोडीसाठी भाकरी घेऊन बाहेर आली. माझी बहीण अशीच आहे. त्या वर्षी नांगरट भाड्याच्या बैलांनी झाली.

मग तापीच्या वाळूत दाजींनी हित्ती रीत सुरू केली. घोडीवर बसायची त्यांची छाती नव्हती, म्हणून शेतावरचा सालदार गडी बसे आणि दाजी धोतर खोचून मागून चालत फेऱ्या मोजत. विटांवर जे लिहिले होते ते सगळे ते अक्षरशः पाळत, आणि त्या शब्दाच्या जागी आले की घोडीला सोडून गप्प उभे राहत. "आपण काय करावं ते आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा ती काय करते ते पाहू," असा त्यांचा हिशेब. सोडलेली घोडी काय करायची? वाळूत चार पावले जाऊन पाय दुमडायची, पाठीवर पडायची, चारी पाय वर करून दोन्ही कुशींवर घोळायची, उठून अंग झाडायची आणि मग पाण्यात शिरायची. पहिल्या दिवशी दाजींनी पाहिले. दुसऱ्या दिवशी पाहिले. पुढे आठवडाभर तसेच झाले आणि एका सकाळी ते वाळूतून ओरडतच घराकडे पळत सुटले, "लोयस व! घोडी लोयस!" घोडा लोळला म्हणजे पोट दुखते, एवढे गावात सगळ्यांना ठाऊक. आळीतल्या बाया ओवा आणि हिंग घेऊन धावल्या, आणि घोडीला काढा पाजून झाल्यावर दाजींना आपला शोध सांगायला मिळाला. सोडले, लोळू दिले, पाण्यात नेले. इतके सरळ होते ते. पंडितांनी घोडे पुस्तकात पाहिले होते, म्हणून त्यांना दिसले नाही.

दाजींनी हे सगळे व्यवस्थित लिहून पुण्याच्या एका प्राध्यापकांना कळवले. हे गृहस्थ जर्मनीत राहून आलेले, या विषयात त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी कळवले की खानदेशमार्गे सुरतेकडे निघालो आहे, वाटेत उतरून घोडी पाहतो. पटले तर विद्वानांच्या सभेत तुमच्या नावानिशी वाचतो आणि सभेच्या इंग्रजी अंकात छापतो. त्या आठवड्यात मी सारंगखेड्यालाच होतो. दाजी मला नदीवर घेऊन गेले आणि वाळूत बसले. मग म्हणाले, "माले नाव नको, असं मी लोकेस्ले सांगस. पन खरं सांगू का? माले नाव पाहिजे. इतली मोठी दुन्या, त्यामा एक शबद मन्हा हातखाल उलगडना, इतलंच." आपल्या हातून एक शब्द उलगडला, एवढेच नाव त्यांना हवे होते. अर्धे आयुष्य या माणसाने त्या एका शब्दाच्या दारात बसून काढले होते. मामलेदारी गेली, शाळा गेली, बैल गेला. हे जमावे, असे मला त्या दिवशी मनापासून वाटले.

पाहुण्यांना घ्यायला दाजी आणि मी दोंडाईच्याच्या वाटेने गेलो, आणि नावेतून तापी ओलांडून त्यांना घेऊन आलो. इकडे ताई स्वयंपाकात. पुण्याचा एवढा मोठा पाहुणा येणार आणि त्याच्यासमोर घोडी उघड्या पाठीने उभी राहणार, हे तिच्या जिवाला लागले होते. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवल्याशिवाय वेशीवर नेत नाहीत. पाहुण्याला दाखवायचे जनावर तरी कसे नेतील? सालदार 'मालक रागावतीन' म्हणाला, तर ती त्याला म्हणाली, "पाव्हना ई ऱ्हायना आनि घोडी अशी उघडी? लोके काय म्हनतीन?" तिने घोडीला न्हाऊ घातले, कपाळाला कुंकू लावले, स्वतःच्या हाताने शिवलेली आरशांची झूल घातली आणि वरातीच्या घोड्यांचे घुंगरू मागून आणून चारी पायांत बांधले. आम्ही वाळूत पोचलो तेव्हा निम्मे गाव जमले होते आणि घोडी नवरीसारखी नटून उभी होती.

दाजींचा चेहरा मी पाहिला. "हे काढा," ते सालदाराला म्हणाले, पण पाहुणे घड्याळ पाहत होते, त्यांना सुरतेची गाडी गाठायची होती, आणि घुंगरांच्या गाठी ताईने मारलेल्या होत्या. "राहू द्या हो, छान दिसतंय," पाहुणे म्हणाले. घोडी पहिल्या फेरीत पळाली. दुसऱ्या फेरीत घुंगरू तिच्या कानात भरले. तिसऱ्या फेरीत ती पळत नव्हती, नाचत होती. कोणीतरी टाळ्या धरल्या, कोणीतरी डफ आणला, आणि सोडल्यावर तर तिने वाळूच्या मधोमध उभे राहून असा नाच केला की गावातल्या म्हाताऱ्यांनीही पागोटी उडवली. नाच संपला तशी ती सरळ पाण्यात गेली आणि पाणी प्यायला लागली. लोळली नाही.

प्राध्यापक भलतेच खूश झाले होते. "अहो, तुम्ही लोळणं काय म्हणता? नाचवणं! घोडा सोडला, नाचवला, पाण्यात नेला. किती सुंदर अर्थ आहे! मी हाच वाचतो, तुमच्या नावाने." दाजींनी सांगितले की ती रोज लोळते, आज घुंगरांमुळे नाचली, विटांत घुंगरू नाहीत. प्राध्यापक म्हणाले, "मी डोळ्यांनी पाहिलं ते नाचणं. न पाहिलेलं मी कसं वाचू? नाचणं वाचतो. नाव तुमचंच लागेल, शब्दही तुमचाच." मी मागून दाजींची बाही ओढली. घ्या म्हटले, हो म्हणा, पुढे दुरुस्त करता येईल. दाजींनी बाही सोडवून घेतली आणि हात जोडले. "नको. लोळणं तुम्ही पाहिलं नाही, तर ते वाचू नका. पण नाचणंही वाचू नका. तो अर्थ त्याचा नाही, मला ठाऊक आहे. अर्थ लागलेला नाही, असंच राहू द्या." प्राध्यापकांना ते नीट कळले नसावे. ताईने नदीवरच पाठवलेल्या पुरणाच्या मांड्यांची मनापासून तारीफ करून ते गाडीला निघून गेले, आणि पुन्हा त्यांचे पत्र आले नाही.

आम्ही त्यांना नावेत बसवून परत आलो तर ताई ओट्यावर उभी. आळीतल्या बायांनी तिला नाचाची बातमी आधीच पोचवली होती. हाताला पीठ तसेच, आणि चेहरा उतरलेला. "घोडी नाचनी म्हंतस बाया. मंग लोयनी नही का? मन्ही झूलमुये तुम्हनं काम बिघडनं का?" मी खाली पाहिले. डाळीतल्या मिठाचा निर्णय द्यायला ज्यांना अख्खी डाळ लागे, त्या दाजींना या वेळी एक क्षणही लागला नाही. "नाचनी, मंग लोयनी," ते म्हणाले. "पाव्हनानी सोताना डोयानी देखं." गावाने नाच पाहिला होता, त्यानंतर लोळण झाली की नाही हे कोणाच्या ध्यानात असणार? "सापडना का मंग तो?" ताईने विचारले. "सापडना," दाजी म्हणाले, म्हणजे सापडला. ताईने डोळ्यांना पदर लावला आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

पुढे दोनेक महिन्यांनी पुण्याचा अंक आला. नेहमीसारखाच आला होता, वर्गणी भरलेली होती. ताईने तो दाजींच्या हाती देताना विचारले, "ह्यामा शे का?" दाजींनी पाने उलटली आणि एका इंग्रजी ओळीवर बोट ठेवले. "हाई दख." ताईने त्या ओळीला हळदकुंकू वाहिले. दाजी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घोडीबरोबर वाळूत जाऊ लागले. घोडी रोज लोळायची, आणि ते रोज तिच्याकडे पाहत उभे राहायचे, पण त्यावर त्यांनी एक ओळही पुन्हा लिहिली नाही. का, असे मी एकदा विचारले. खरे लिहून छापून आले तर घरातल्या अंकात काय आहे हे सांगावे लागेल, एवढेच ते म्हणाले आणि विषय बदलला.

दाजींना जाऊन आता बराच काळ झाला. घोडीही गेली. ताईने तो अंक देव्हाऱ्यात ठेवला आहे, आणि मी गेलो की ती तो फडक्यातून सोडून माझ्यापुढे धरते. "वाच ना रे भाऊ, काय लिखेल शे?" त्या पानावर कुठल्याशा जुन्या नाण्यांबद्दलची माहिती आहे. मी चष्मा लावतो, कुंकवाच्या डागावर बोट ठेवतो आणि सावकाश वाचतो: हा शब्द लुवियन असून त्याचा अर्थ घोड्याला लोळू देणे असा आहे. हा अर्थ प्रथम सारंगखेड्याच्या गृहस्थांनी लावला. मग मी दाजींचे पूर्ण नाव घेतो, आणि ताई ऐकत राहते.